जन्मतःच कातडी नसलेलं बाळ : पहिल्या तासापासून जावळापर्यंतची काळजी

बाळ पुसून कोरडं करताना डोक्यावर, भोवऱ्याजवळ, रुपयाच्या नाण्याएवढी लाल, ओलसर, चकचकीत जागा दिसते. तिथे केस नाहीत आणि कातडीही नाही. कडा मात्र साच्यातून काढल्यासारखी स्वच्छ. सूज नाही, काळंनिळं नाही, रक्त वाहत नाही. खोलीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे लागलं कसं?" बहुतेक वेळा लागलेलं काहीच नसतं. त्या जागी गर्भातच कातडी तयार झालेली नसते किंवा झालेली टिकलेली नसते. वैद्यकीय भाषेत याला ॲप्लेसिया क्युटिस कंजेनिटा म्हणतात. इथे आपण जन्मजात त्वचा-अभाव म्हणू. दर दहा हजार जन्मांमागे साधारण एक ते तीन बाळांत हा दोष आढळतो. पाचांपैकी चार बाळांत तो डोक्यावर असतो, आणि बहुतेकांत जागा एकच असते.

पुढची माहिती प्रसूतिकक्षातल्या परिचारिकेसाठी, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसाठी आणि आईवडिलांसाठी आहे. औषधांचे निर्णय अर्थातच बाळाला पाहणाऱ्या डॉक्टरांनी घ्यायचे. पण एक गोष्ट या तिघांनीही पहिल्या मिनिटापासून धरून ठेवायला हवी: ही जखम वाळवायची नाही. "हवा लागू द्या, खपली धरली की भरली" हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. खरचटलेल्या ढोपराला ते चालून जातं. इथे जाड, कडक खपली धरली तर ती तडकते, आणि तडकताना खालचं नाजूक आवरणही ओढून फाडते. जखम ओलसर राहिली तर कडेची कातडी हळूहळू आत सरकत जाते आणि बहुतेक छोट्या जागा काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत, शस्त्रक्रियेवाचून भरतात.

आधी ओळख पक्की करा

चिमट्याची, व्हॅक्यूमच्या कपाची किंवा ब्लेडची इजा आणि हा दोष यांची गफलत नेहमी होते, आणि तिच्यातून भांडणं, तक्रारी उभ्या राहतात. इजेच्या जागी सूज, रक्ताळलेपण, फाटकी किंवा ओरबाडलेली कडा असते; कपाची खूण वर्तुळाकार असते. जन्मजात दोषाची कडा रेखीव असते. तळ कधी लाल मांसल, कधी पातळ पारदर्शक पडद्याने झाकलेला, पाण्याच्या फोडासारखा. आणि कधी जागा गर्भातच भरून येऊन पांढुरका, बिनकेसांचा वण उरलेला असतो. बाळ चिमटा किंवा कप न लावता, सहज जन्मलेलं असेल तर इजेच्या शंकेला फारशी जागा उरत नाही.

एक निदान मात्र चुकवून चालत नाही, ते म्हणजे नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूचा संसर्ग. त्यात पाण्याचे बारीक फोड झुबक्याने येतात, सहसा जन्मानंतर काही दिवसांनी, आणि बाळ मलूल होतं. तशी शंका आली तर तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू करतात.

जन्मल्याच्या दिवशीच फोटो काढा. शेजारी कागदी मोजपट्टी ठेवा, म्हणजे पुढे भरण्याचा वेग कळतो. केसपेपरवर सें.मी.मध्ये लांबी-रुंदी, जागा, तळाचा रंग आणि "सूज नाही, रक्त साकळलेलं नाही" हे शब्द लिहा. हे चार शब्द पुढे आईचा, सुईणीचा आणि डॉक्टरांचा बराच मनस्ताप वाचवतात.

पहिला तास

१. बाळाला नेहमीसारखंच पुसा, पण ती जागा घासू नका. रडणं, श्वास, रंग हे आधी, जखम नंतर.

२. आंघोळ नको. ती किमान २४ तास पुढे ढकला.

३. व्हिटॅमिन के १ मि.ग्रॅ. मांडीत द्या (१ किलोच्या आतल्या बाळाला ०.५ मि.ग्रॅ.). उघड्या जखमेच्या बाळात हे इंजेक्शन राहून गेलं तर रक्तस्रावाचा धोका दुप्पट मनावर घ्यावा असा असतो.

४. जखम छोटी असेल तर सलाइनमध्ये भिजवलेलं निर्जंतुक गॉज ठेवा. सलाइन अंगाच्या उबेइतकं कोमट हवं. जखम पोटापाठीवर पसरलेली असेल तर ओल्या गॉजने बाळ गार पडतं. तिथे पॅराफिन गॉज (तेलकट, न चिकटणारी जाळी) अंथरून वर स्वच्छ प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळा.

५. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियसमध्ये ठेवा. रेडियंट वॉर्मरच्या खाली उघडी जखम तासाभरात करकरीत वाळते, हे विसरलं जातं. म्हणून वॉर्मरखाली जखम झाकलेलीच हवी; दमटपणा राखता येणारं इनक्युबेटर असेल तर उत्तम.

६. वार फेकू नका. नीट तपासा आणि पॅथॉलॉजीला पाठवा. जुळ्यांपैकी एक गर्भ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गेला असेल तर त्याचा कागदासारखा चपटा झालेला अवशेष वारेत सापडतो, आणि मग उरलेल्या बाळाच्या दोन्ही कुशींवरचे सारखे पट्टे आपोआप समजतात.

७. स्तनपान लगेच सुरू करा. जखमेमुळे ते थांबवायचं काही कारण नाही.

चार प्रश्न

त्वचारोगतज्ज्ञ इलोना फ्रिडेन यांनी १९८६ साली या दोषाचे नऊ गट पाडले आणि ते आजही वापरात आहेत. खाटेशेजारी उभं राहून नऊ गट आठवत बसण्यापेक्षा चार प्रश्न विचारलेले बरे: कुठे आहे, किती मोठं आहे, किती खोल आहे, आणि बाळाला आणखी काय आहे?

डोक्यावर एकच छोटी जागा, बाकी बाळ ठणठणीत, हा सगळ्यात नेहमीचा आणि सगळ्यात निर्धास्त प्रकार. इथे आईबापांच्या डोक्यांतही बघा. वडिलांच्या किंवा आजीच्या भांगात लहानपणापासूनचा बिनकेसांचा चट्टा पुष्कळदा असतो आणि तो कुणी कधी मनावर घेतलेला नसतो. तसा सापडला तर दोष घराण्यात आहे असं समजायचं. पुढच्या प्रत्येक बाळात तो येण्याची शक्यता निम्मी.

हातापायांची बोटं आखूड किंवा गायब असतील, अंगावर जाळीदार जांभळट नक्षी दिसत असेल तर ॲडम्स-ऑलिव्हर सिंड्रोमचा विचार करा आणि हृदयाची टू-डी इको तपासणी करून घ्या. फाटलेला ओठ, जादा बोटं, लहान डोळे असं एकत्र आढळलं तर गुणसूत्रांची तपासणी हवी. तेराव्या गुणसूत्राच्या ट्रायसोमीत, म्हणजे त्याची एक प्रत जादा असते तेव्हा, टाळूमागे असे चट्टे दिसतात. कुशींवर पट्टे असलेल्या बाळाला हिरवी उलटी झाली तर आतडं बंद असण्याची शक्यता धरून लगेच एक्स-रे काढा.

डोक्यावरच्या जागेभोवती काळ्या, राठ, लांब केसांचं गोल कडं असेल तर हात आखडता घ्या. हे कडं म्हणजे खाली मेंदूशी निगडित पेशी किंवा आतपर्यंत जाणारा मार्ग असू शकण्याची खूण. तिथे एमआरआय झाल्याशिवाय सुई टोचू नका, तुकडा काढू नका, फोड फोडू नका.

खोली बोटाने चाचपून कधीच ठरवू नका. डोक्यावरच्या दर पाच जागांपैकी साधारण एका जागेखाली हाडही अपुरं असतं. सोनोग्राफी सोपी आहे आणि तिला किरणोत्सर्ग लागत नाही. जागा मोठी, मधल्या रेषेवरची किंवा आत धडधडणारी असेल तर एमआरआय आणि मेंदूच्या शिरांचं चित्रण हवंच.

ड्रेसिंग : हात, पाणी, थर

लागणाऱ्या वस्तू मोजक्याच: ०.९ टक्के सलाइनची सीलबंद बाटली, निर्जंतुक हातमोजे, साधं पॅराफिन गॉज किंवा सिलिकॉनची न चिकटणारी जाळी, निर्जंतुक गॉज, नळीदार जाळीची पट्टी. पॅराफिन गॉजचं पाकीट वाचून घ्या. काहींत प्रतिजैविक मिसळलेलं असतं. आपल्याला साधं हवं.

दुखणं आधी सांभाळा. नवजात बाळाला दुखत नाही हा समज केव्हाच खोटा ठरलाय. ड्रेसिंगच्या दोन मिनिटं आधी जिभेवर आईच्या दुधाचे थेंब किंवा दवाखान्यातलं २४ टक्के साखरेचं द्रावण अर्धा मि.लि.पर्यंत सोडा, आणि शक्य असेल तर ड्रेसिंग चालू असताना बाळ अंगावर पीत असू द्या. जागा मोठी असेल तर वेदनाशामक डॉक्टर वजनावरून ठरवतील.

साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद हात धुवा. जुनं ड्रेसिंग चिकटलं असेल तर ओढू नका. कोमट सलाइन वर ओतत राहा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग कडेकडेने, कातडीला समांतर, आडवं उचला. सरळ वर ओढलं की कडेला नुकतीच आलेली, गुलाबी, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ कातडी गॉजबरोबर निघून येते आणि आठवडाभराची कमाई जाते. जखम भरत नाही अशी तक्रार येते तेव्हा कारण बहुधा इथेच सापडतं, औषधात नाही.

जखम सलाइनने नुसती धुवायची. पुसायची नाही, खरवडायची नाही. तळावर पिवळसर, बुळबुळीत थर दिसला की लोक घाबरून तो काढायला जातात. तो बहुतेक वेळा पू नसतो, भरत्या जखमेचा स्राव असतो. दुर्गंधी, कडेला पसरणारी लाली, गरमपणा आणि मलूल बाळ ही संसर्गाची खूण.

आता थर. पॅराफिन गॉज दोन पदरी ठेवा. एकपदरी जाळीच्या भोकांतून मांस वर वाढतं आणि पुढच्या वेळी उपटून निघतं. गॉज कडेबाहेर एक सें.मी. जाऊ द्या. त्यावर सलाइनने भिजवून पिळलेलं गॉज, वर कोरडं गॉज, आणि सगळं जाळीच्या टोपीने सैलसर बसवा. टोपीखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. चिकटपट्टी कातडीवर लावू नका. पॅराफिन गॉज रोज किंवा दिवसाआड बदला. सिलिकॉनचं ड्रेसिंग स्वच्छ जखमेवर तीन ते सात दिवस राहू शकतं, आणि कमी वेळा उघडणं हाच त्याचा मोठा गुण. दिवसाच्या खर्चात ते महाग वाटतं, पण उपटलेल्या कातडीचा हिशोब धरला तर नाही.

कोलॅजनच्या शीट आपल्याकडे बऱ्याच रुग्णालयांत मिळतात. स्वच्छ, उथळ जखमेवर त्या छान काम करतात. मात्र ओली शीट पाकिटात अल्कोहोलमिश्रित द्रावणात असते. ती सलाइनच्या दोन-तीन वाट्यांत खळखळून धुतल्याखेरीज बाळाला लावाल तर चांगलीच आग होईल. संसर्ग झालेल्या जखमेवर शीट लावली की पू खाली कोंडतो.

काय लावू नये, आणि का

नवजात बाळाची उघडी जागा औषध शोषून घेते आणि ते थेट रक्तात जातं. मोठ्यांना चालणारी मलमं इथे विषासमान ठरू शकतात.

सिल्व्हर सल्फाडायझिन हे भाजल्यावरचं पांढरं मलम प्रत्येक दवाखान्यात हाताशी असतं, म्हणून पहिल्यांदा तेच फासलं जातं. त्यातला सल्फा बिलिरुबिनला, म्हणजे कावीळ करणाऱ्या पिवळ्या द्रव्याला, रक्तातल्या प्रथिनांवरून ढकलतो. सुटं झालेलं बिलिरुबिन मेंदूत जाऊन कायमची इजा करू शकतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला हे मलम वर्ज्य आहे.

पोव्हिडोन आयोडीन शोषलं जाऊन बाळाची थायरॉइड ग्रंथी मंदावते. एकदा-दोनदा लावलं गेलंच असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा, म्हणजे रक्तातलं टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारी तपासणी) पाहता येईल. निओमायसिन, फ्रामायसेटिन असलेली मलमं आणि पावडरी मोठ्या जागेवर नकोत. ही जात कानांना इजा करते. पावडरीचा गठ्ठा होऊन खपली कडक होते, ते वेगळंच. म्युपिरोसिन २ टक्के मलम छोट्या, संसर्ग झालेल्या जागेवर पाच-सात दिवस चालतं, पण विस्तीर्ण उघड्या जागेवर त्याचा आधारद्रव्याचा भाग शोषला जाऊन मूत्रपिंडांवर भार येतो. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, जांभळं औषध तिन्ही जाळतात किंवा वाळवतात.

घरगुती गोष्टींत हळद, राख, शेण, तंबाखू, कोरफड यांपैकी काहीही नको. मध तर मुळीच नको; एक वर्षाच्या आत त्यातल्या जिवाणूंमुळे बोट्युलिझम होऊ शकतो. आणि आपल्याकडचा खास धोका म्हणजे टाळू भरणे. तेलात भिजलेला कापूस टाळूवर ठेवून दाबण्याची ही सवय आजी-मावश्या प्रेमाने करतात. ज्या बाळाच्या टाळूमागे जखम आहे, खाली हाड आहे की नाही ते अजून ठरायचंय, तिथे हा दाब आणि हे तेल दोन्ही टाळायलाच हवेत. मालीशवालीला पहिल्याच दिवशी शांतपणे सांगा: मानेखाली अंगाला हलका हात चालेल, डोक्याला नाही.

खाली हाड नसेल तर

इथे जखमेखाली मोठी शीर असते, मेंदूच्या वरच्या मधल्या रेषेतून जाणारी, आणि तिच्यावर जेमतेम एक पातळ आवरण. हे आवरण वाळलं, कडक झालं, चिरलं तर रक्त धो-धो वाहतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त साधारण अडीचशे मि.लि. असतं. अर्धा कप रक्त गेलं तरी ते त्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त होतं. म्हणून अशा बाळाचं ड्रेसिंग तीन-चार तासांनी पाहायचं. वरून गॉज कोरडं लागलं की कोमट सलाइन ठिबकवायचं, रात्रीसुद्धा. हे काम वेळापत्रकात लिहून, सही घेऊन करा. "कुणीतरी करेल" यातच पहाटेच्या दोन फेऱ्या राहतात आणि सकाळी काळी पडलेली खपली दिसते.

बाळ दाखल होताच रक्तगट काढून, आईच्या रक्ताशी जुळवून रक्त राखून ठेवा. रक्त आलंच तर ओलं गॉज सपाट ठेवून बोटांच्या सपाट भागाने समान दाब द्या. बोटाचं टोक रुतवू नका, खाली मेंदू आहे. गॉज उचलून उचलून बघू नका. बाळाला आडवंच ठेवा, उभं धरू नका. उघड्या शिरेत हवा ओढली जाऊ शकते. दुसऱ्या माणसाला मदतीसाठी धाडा आणि दाब सोडू नका.

दुसरा धोका मेंदूज्वराचा. ताप ३८ अंशांवर किंवा अंग ३६ च्या खाली गार, दूध न ओढणं, मिनिटाला ६० च्या वर श्वास, झटके, एकसुरी किंचाळणं यांपैकी काहीही दिसलं तर रक्ताचं कल्चर घेऊन शिरेतून प्रतिजैविक सुरू करण्यात तासही घालवू नये. लहान, स्वच्छ जखमेला मात्र नुसती भीती म्हणून प्रतिजैविक देत बसू नये.

शस्त्रक्रिया कधी? ढोबळ मानाने, जागा चार सें.मी.हून लहान आणि खाली हाड शाबूत, तर ड्रेसिंगवरच थांबतात. त्याहून मोठी, मेंदूचं आवरण उघडं, किंवा रक्त एकदा आलेलं असेल तर प्लास्टिक सर्जन आणि न्यूरोसर्जन यांनी पहिल्या काही दिवसांत एकत्र ठरवायचं. शेजारची कातडी सरकवून झाकण्याआधी शिरांचं चित्रण हवंच. अशा बाळांत कवटीवरच्या शिरा फुगून त्यांनीच मेंदूतल्या रक्ताचा निचरा उचललेला असतो. त्या कापल्या गेल्या तर जखम झाकली जाते आणि बाळ हातचं जातं. पातळ कातडीचं रोपण हा दुसरा मार्ग, पण नवजात बाळाच्या मांडीची कातडी इतकी पातळ असते की घेतलेली जागाच नवी जखम होऊन बसते. दात्याची कातडी तात्पुरतं झाकण म्हणून वापरता येते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. उपचार करणारं रुग्णालय तिथे चौकशी करू शकतं.

हाडाची घाई नको. बाळाच्या मेंदूचं आवरण स्वतः हाड तयार करतं आणि पहिल्या वर्षभरात बरीच भोकं आपोआप लहान होतात किंवा बुजतात.

अंगावरची मोठी जागा

जुळ्यातलं एक बाळ गेलेलं असतं तेव्हा कुशी, पोट, मांड्या यांवर दोन्ही बाजूंना सारखे, कधी फुलपाखरासारखे मोठे भाग उघडे दिसतात. दृश्य भयंकर असतं, पण नुसत्या ड्रेसिंगवर हे भाग आश्चर्य वाटावं इतके छान भरतात. इथे खरी लढाई पाणी आणि उबेची. बाळाचा बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का, त्याने मोजा. दहा टक्क्यांच्या आसपास उघडं असेल तर बाळ नवजात अतिदक्षता विभागातच हवं.

भाजलेल्या मोठ्या माणसाचं द्रवाचं सूत्र इथे लावू नका. पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिल्या दिवशी किलोमागे ६० मि.लि.पासून सुरू करून वजन, लघवी आणि सोडियम यांवर रोज वाढवत जायचं. वजन दिवसातून दोनदा, त्याच काट्यावर, ड्रेसिंगचं वजन वजा करून. कोरड्या डायपरवर आधी वजन लिहून ठेवा; ओल्या डायपरमधला प्रत्येक जादा ग्रॅम म्हणजे एक मि.लि. लघवी. तासाला किलोमागे एक मि.लि.च्या खाली गेली तर द्रव कमी पडतोय. सोडियम १४५ च्या वर चढू लागलं तर बाळ कोरडं पडतंय. ड्रेसिंग बदलताना सगळं अंग एकदम उघडू नका. अर्धं बदला, झाका, मग उरलेलं. भरत्या जखमेला प्रथिनं आणि उष्मांक लागतात. आईचं दूध पुरत नसेल किंवा वजन दिवसाला वीस-तीस ग्रॅम वाढत नसेल तर दूध अधिक पौष्टिक करण्याचं डॉक्टरांशी बोला.

फोडही येत असतील तर

नडगीपासून पावलापर्यंत कातडी नाही आणि दुसरीकडे हात लागेल तिथे फोड, असं असेल तर हा एपिडर्मोलिसिस बुलोसा, म्हणजे कातडी अतिशय नाजूक असण्याचा जनुकीय आजार. १९६६ मध्ये नोंदलेल्या या जोडीला बार्ट सिंड्रोम म्हणतात. यात सगळे नियम आणखी कडक. चिकटपट्टी, मनगटाचा प्लॅस्टिक बिल्ला, सक्शनची ओढाताण, कॉर्डवरचा प्लॅस्टिक क्लॅम्प यांपैकी काहीच नको. नाळ दोऱ्याने बांधा. बाळाला काखेत धरून उचलू नका. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, किंवा मऊ दुपट्यासकट उचला. कपडे उलटे घाला, म्हणजे शिवण बाहेर राहते. फोड वाढत चालला तर निर्जंतुक सुईने खालच्या कडेला टोचून पाणी काढा, पण वरची साल ठेवा. तीच त्याची सर्वात चांगली पट्टी. बोटांच्या बेचक्यांत गॉजच्या पट्ट्या घाला, नाहीतर बोटं एकमेकांना चिकटून भरतात. बाळाला सतत उलट्या होत असतील आणि एक्स-रेत जठरापुढे हवा दिसत नसेल तर जठराचं खालचं तोंड बंद असण्याचा प्रकार यात सापडतो. जनुकीय तपासणीचा नमुना पहिल्या दिवसांतच पाठवा. पुढच्या बाळंतपणाचा सल्ला त्यावरच उभा राहतो.

पाठवणी आणि घर

मोठ्या रुग्णालयात पाठवायचं तर १०८ ला फोन करा, आधी तिथल्या डॉक्टरांशी बोला, आणि बाळ आईच्या उघड्या छातीवर कांगारू पद्धतीने, ड्रेसिंग ओलं करून न्या. आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार आणि प्रवास जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून मोफत आहेत. जन्मजात दोषाची नोंद राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात करून घेतली की पुढच्या शस्त्रक्रियेचा मार्ग सोपा होतो.

घरी आल्यावर सलाइनची छोटी बाटली आणा; उघडल्यावर २४ तासांत संपवा किंवा टाका. कुंची मऊ, जुन्या सुती कापडाची, गाठ हनुवटीखाली सैल. लोकरीची नको, तिचे तंतू जखमेत अडकतात. मोहरीच्या उशीवर डोकं ठेवू नका. उताणं निजवून मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवा. धुरी देऊ नका. आशा ताई बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येतात. त्यांना प्रत्येक भेटीत जखम दाखवा आणि महिन्याला डोक्याचा घेर मोजून घ्या. लसी वेळेवरच द्यायच्या, फक्त टोचायची जागा धड कातडीची हवी.

आईला या दिवसांत नातेवाईक विचारतात, ग्रहणात काही कापलं होतंस का? ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही, हे डॉक्टरांनी सासूसमोर, नवऱ्यासमोर, स्पष्ट शब्दांत सांगावं. ड्रेसिंग करणारे हात तिचेच असणार आहेत. ते अपराधी भावनेने थरथरत असतील तर बाळाचंच नुकसान.

भरल्यानंतर

वण पातळ, चकचकीत आणि बिनकेसांचा राहतो. त्यात केसांची मुळंच नसतात, त्यामुळे कुठलंही तेल किंवा लेप लावून केस उगवणार नाहीत. त्यावर पैसे घालवू नका. वण सुकून खाजतो तेव्हा साधी पेट्रोलियम जेली, नव्या ट्यूबमधली, पुरते. उन्हात टोपी घाला. जावळ काढायचं तर पूर्ण भरून किमान काही महिने जाऊ द्या, खाली हाड आलंय याची सोनोग्राफीने खात्री करा आणि वस्तऱ्याऐवजी कात्री किंवा मशीन वापरा. न्हाव्याला वण आधी बोटाने दाखवा. हाड आलं नसेल तर जावळाची एक बट कापून विधी उरकता येतो. वण मोठा असेल तर शाळेत जायच्या सुमारास त्वचा ताणून चट्टा काढता येतो, तोवर मूल रांगता-चालताना डोक्याला मऊ संरक्षक टोपी द्या.

पुढचं बाळंतपण ठरवताना आईच्या थायरॉइडच्या गोळ्या तपासा. वाढलेला थायरॉइड आवरणारं कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल पहिल्या तिमाहीत, विशेषतः सहाव्या ते दहाव्या आठवड्यात घेतलं तर हा दोष होऊ शकतो. म्हणून पाळी चुकायच्या आधीच डॉक्टरांना भेटून प्रोपिलथायोयुरॅसिल या दुसऱ्या गोळीवर जायचं का ते ठरवा. गोळी मनाने बंद करू नका. अनियंत्रित थायरॉइड आई आणि गर्भ दोघांनाही जास्त घातक असतो.